सगळे नवे आहे

“दिवाळी अंकात लोक काय काय लिहितात, आणि तुम्ही मोटरसायकलच्या तारांवर लिहिणार?” आमच्या सौ.ने हे विचारले तेव्हा माझ्यापाशी धड उत्तर नव्हते. ती चकल्यांचा घाणा काढत होती, आणि तापल्या कढईसमोर उभ्या असलेल्या माणसाशी वाद घालू नये एवढे शहाणपण संसाराने मला शिकवले आहे. पण प्रश्न रास्त होता. तारा म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापासून कडेच्या रिंगेपर्यंत गेलेल्या त्या बारीक पोलादी काड्या. बैलगाडीच्या चाकाला जे आरे, तेच मोटरसायकलच्या चाकाला तारा. वर्गात शिकवताना मी त्यांना आरे म्हणत असे, मिस्त्री तारा म्हणतो आणि दुकानदार स्पोक म्हणतो. यंदा दसऱ्याच्या आधी आठ दिवस मी त्या विकत घ्यायला बाहेर पडलो. काम तासाभराचे होते. पण त्या तासाभराने सोळा वर्षांपूर्वीची एक गोष्ट उकरून काढली, आणि ती काही केल्या पुन्हा पुरली जाईना. म्हणून हा लेख.

आमच्या घरी वडिलांची जावा आहे. १९६७ सालची, गडद तांबडी. किक मारायची दांडी आणि गिअर बदलायची दांडी एकच, ही तिची खुबी ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. भिवंडीत वडिलांचा बारा यंत्रमागांचा गाळा होता. मागचा एखादा भाग तुटला की तो पिशवीत टाकून ते जावावरून लोहाराकडे किंवा कातारीकडे जात आणि संध्याकाळच्या आत माग चालू करीत. ते गेल्यावर गाडी गाळ्याच्या कोपऱ्यात चादरीखाली वीस वर्षे उभी राहिली. माग भंगारात वजनावर गेले, तेव्हा भंगारवाला गाडीलाही हात लावून म्हणाला, “हिचं काय?” त्या ‘काय’ने मी जागा झालो. इंजिन दुरुस्त झाले, टाकी रंगवून आली, आणि शेवटी चाके राहिली. तारा अशा गंजल्या होत्या की पान्याने निपल फिरवू गेले तर तारच पिळवटून हातात येई.

आता या गाडीला अस्सल तारा आणायच्या कुठून? जावा हे नाव मूळचे चेक देशातले. यानेचेक हा कारखानदार आणि वांडरर ही जर्मन गाडी, या दोन नावांची आद्याक्षरे जोडून ते १९२९ साली तयार झाले. आपल्याकडे ती गाडी १९६१ पासून म्हैसूरला बनू लागली, १९७३ पासून तिचे नाव येझदी झाले, आणि १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा नावाची नवी गाडी बाजारात आली खरी, पण नाव तेच असले तरी ती दुसऱ्या घरची लेक. तेव्हा कारखान्याचाच माल हवा म्हणून हट्ट धरायचा तर तो कारखानाच जागेवर नाही.

दुकानदाराने काउंटरवर चार जुडगे ठेवले. एक तेलकट कागदात गुंडाळलेले, जुन्या साठ्यातले. त्याची किंमत सांगताना त्याने आवाज खाली आणला, तेव्हाच मी ते बाजूला सारले. दुसरे गंज न चढणाऱ्या पोलादाचे, अडीच हजारांच्या घरात. तिसरे मध्यम. चौथे सहाशे रुपयांना, दोन्ही चाकांचे मिळून बहात्तर नग, निपलांसकट. आणि गंमत अशी की चौघांत तेच जास्त चकचकीत. पेन्शनीतल्या माणसाचा हात कुठे जातो ते सांगायला नको. घरबसल्या फोनवरून मागवले असते तरी माल बहुधा भिवंडीतल्याच एखाद्या गोदामातून आला असता. साऱ्या मुलखाचा माल हल्ली आमच्या वेशीवर येऊन पडतो. मी चौथे जुडगे घेतले आणि ते थैलीत खुळखुळवीत चाचाकडे गेलो.

चाचा चाके बांधतात. वय सत्तरीच्या पुढे, दृष्टी अधू, पण बोटे शाबूत. वडिलांच्या जावाची चाके त्यांनी उमेदवारीत असताना एकदा बांधली होती. त्यांनी जुडग्यातली एक तार उपसली, तिच्या टोकाच्या आट्यांवरून नख फिरवले आणि म्हणाले, “मास्तर, आटे कापलेले हायत. दाबलेले नाय.”

मला काही उमजले नाही. मग त्यांनी वडिलांच्या चाकातली एक गंजकी तार शेजारी धरली. चांगल्या तारेचे आटे साच्यात दाबून काढतात. त्यात धातू कापला जात नाही, नुसता इकडचा तिकडे सरकतो, म्हणून आट्यांची शिखरे तारेच्या अंगापेक्षा किंचित वर येतात आणि नखाला अडतात. स्वस्त तारेचे आटे कोरून काढलेले असतात. जिथे कोरले तिथे तार तेवढी बारीक झाली, आणि तुटायची ती तिथेच तुटते. नाहीतर डोक्याजवळच्या वाकणात. नंतर चाचांनी ती तार दोन हातांत धरून वाकवली. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. वडिलांच्या चाकातली वाकवली तर तो चाळीस-पन्नास वर्षांचा गंज अंगावर घेऊनही ती उसळून सरळ झाली.

इथे चाकाविषयी थोडे सांगितले पाहिजे. मास्तरकीची खोड जात नाही म्हणा हवे तर. बैलगाडीच्या चाकात खालचा आरा खांबासारखा उभा राहून भार पेलतो. तारेच्या चाकात असे होऊच शकत नाही. एवढीशी तार दाबली तर वाकेल. तिला फक्त ओढ सोसता येते. म्हणून सगळ्या तारा निपलने आधीच ताणून ठेवतात. गाडीचा भार आला की जमिनीकडच्या तारांची ओढ जराशी सैल होते, आणि चाक फिरून त्या वर गेल्या की पुन्हा घट्ट होते. जावाच्या सोळा इंची चाकात प्रत्येक तारेची ही सैल-घट्ट किलोमीटरला साडेपाचशे वेळा होते. कल्याणला जाऊन परत यायचे तर दहा-बारा हजार वेळा. तार एका धक्क्याने सहसा तुटत नाही. या उजळणीने ती थकत जाते आणि एक दिवस सोडून देते. इंग्लंडात जॉर्ज केली याने १८०८ साली उडत्या यंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून ताणलेल्या चाकाची ही कल्पना मांडली. पुढे १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली याने तारा तुंब्यापासून सरळ न नेता तिरक्या नेण्याचे पेटंट घेतले. त्या तिरकेपणामुळे तुंब्याचा पीळ रिंगेपर्यंत पोचतो. म्हणजे तुम्ही पुढचा ब्रेक दाबता तेव्हा तुंब्यापाशी अडवलेले चाक रिंगेपाशी जे थांबते, ते या तारांच्या भरवशावर.

चाचांना केली आणि स्टार्ली ठाऊक नाहीत. त्यांना चाक ठाऊक आहे. ते म्हणाले, “गाडी कोण चालवनार?”

“मीच. कधीमधी नात बसेल मागे.”

“तिला सांगितलंत?”

मी हसलो. नऊ वर्षांच्या पोरीला तारेचे आटे काय सांगायचे? चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी जुडगे पुन्हा बांधून माझ्या थैलीत ठेवले.

मला राग आला, हे कबूल करतो. कारण याच दुकानात याच जातीच्या तारा रोज बांधल्या जाताना मी पाहिल्या आहेत. मी तसे बोलूनही दाखवले. चाचा म्हणाले, दूधवाला येतो, त्याला मी दाखवतो, तो म्हणतो ठीक आहे, बांधा, पुढल्या होळीला पुन्हा येतो. त्याला माहीत आहे की दोन कॅन लादल्यावर गाडी किती दामटायची, आणि तार तुटली की आवाज कसा येतो. त्याला महागाची घ्या म्हणून मी सांगितले तर तो गाडी विकून बसेल. चाचांचे हे बोलणे मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. तार तीच. दूधवाल्याच्या चाकात ती बांधायला चाचा तयार, माझ्या चाकात तयार नाहीत. मग दोष तारेत आहे असे कसे म्हणावे?

शिवाय भिवंडीच्या माणसाने नकली मालाला नावे ठेवायची म्हणजे ज्या ताटात जेवलो त्यालाच नावे ठेवणे. आमच्या गावचे यंत्रमाग कुठून आले? पुष्कळसे मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले. लँकेशायरच्या कारखान्यात ओतलेले सांगाडे गिरणीत पिढीभर राबून इकडे आले आणि आमच्या गाळ्यांत आणखी दोन पिढ्या राबले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्यांची धोटी थांबली, तेव्हा तिथले पुष्कळसे काम या जुन्या मागांवर येऊन पडले. त्या मागांत अस्सल काय उरले होते? दातेरी चाके इथल्या भट्टीत ओतलेली, धोटा इथल्या सुताराचा, पिकर इथल्या चामड्याचा, बोल्ट कुठल्या तरी ट्रकचा. वडिलांच्या बारा मागांपैकी एकावर परदेशी कारखान्याच्या नावाची बिडाची पाटी होती. बाकी अकरांवर तीही नव्हती. पण कापड अस्सल निघत असे. ते नेसून बायका लग्नाला गेल्या, त्याची अंगडीटोपडी झाली, आणि हा माग नकली आहे असे कोणी म्हटले नाही. माझे शिक्षणही त्याच मागांवर झाले. दुसऱ्याने बनवलेला सुटा भाग हे पाप असेल तर भिवंडी गाव पापावरच उभे आहे, आणि हे मला मान्य नाही.

उलट अस्सलाची नको इतकी भक्ती करणारेही मी पाहिले आहेत. जुन्या गाड्यांच्या नादिकांत असा एक वर्ग आहे की जो कारखान्यातून आलेली गंजकी तारच चाकात ठेवील, कारण ती ‘मूळची’ आहे. गाडी तो देवासारखी बसवून ठेवत असेल तर ठीक. पण ती रस्त्यावर आणून मागे बायकोला बसवणाऱ्याची भक्ती मला कळत नाही. मिलिंद राजाला नागसेनाने विचारले होते की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे काय ते सांग. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, आणि शेवटी त्यानेच मान्य केले की हे सगळे एकत्र आले म्हणजे त्याला रथ हे नाव देतात. रथ म्हणून वेगळी वस्तू आत दडलेली नसते. हे पटले की तारा बदलल्याने वडिलांची गाडी वडिलांची राहत नाही, ही भीती जाते. माझी गेली. पण नागसेनाला त्या दिवशी रथ विकायचा नव्हता. विकायचा असता तर राजाने वेगळे प्रश्न विचारले असते, आणि नागसेनाला वेगळी उत्तरे द्यावी लागली असती.

मी एकदा विकला आहे. आता त्या गोष्टीकडे येतो.

२००९ साली मी एक जुनी राजदूत घेतली. हौस म्हणून, आणि खरे सांगायचे तर चार पैसे सुटतील म्हणूनही. ती नीट केली, रंगवली, आणि तिच्या मागच्या चाकाला अशाच स्वस्त, चकचकीत तारा बसवल्या. ते चाक चाचांनी बांधले नव्हते. चाचा तेव्हा गावी गेले होते आणि मला घाई होती. ते चाक बांधताना दोन तारा आट्यापाशी तुटल्या. मिस्त्रीने जुडग्यातल्या दोन जास्तीच्या घातल्या, मी पाहिले आणि गप्प बसलो. पुढे वाड्याच्या रस्त्यावरच्या एका गावातला तरुण गाडी पाहायला आला. नुकतीच नोकरी लागलेली, नुकतेच लग्न झालेले. त्याने चाकाजवळ वाकून तारांवर बोट फिरवले आणि विचारले, “सर, चाकं चांगली आहेत ना?”

मी म्हणालो, “सगळे नवे आहे.”

यात एक अक्षर खोटे नव्हते. तारा नव्या होत्या, निपले नवी होती, टायर नवे होते. त्याने विचारले होते चांगली आहेत का, आणि मी सांगितले की नवी आहेत. मास्तराचा शब्द, त्याने पैसे मोजले, बायकोला मागे बसवले आणि तो गेला. मी चाकाकडे पाहत उभा राहिलो. चाक सुरेख फिरत होते.

आपल्याकडे ‘नरो वा कुंजरो वा’ हे शब्द हसण्यावारी वापरतात. पण त्या कथेतला एक बारीक तपशील मला लहानपणापासून विलक्षण वाटत आला आहे. युधिष्ठिराचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटे वरून चाले. द्रोणाने विचारले, धर्मराजाने अश्वत्थामा मेला हे मोठ्याने सांगितले आणि हत्ती हा शब्द पुटपुटला. त्यासरशी रथ खाली येऊन जमिनीला टेकला. व्यासांनी शिक्षा दिली ती एवढीच. वीज पडली नाही की जीभ झडली नाही. रथ इतरांच्या रथांसारखा धुळीतून चालू लागला, इतकेच. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटले, ही काय शिक्षा झाली? सर्वांचे रथ जमिनीवरूनच तर चालतात! आता कळते की आजूबाजूच्या कोणाला तो फरक दिसलाही नसेल. लढाईच्या धुळीत चार बोटांचे अंतर कोण पाहतो? तो कळला असेल आत बसलेल्याला. चाकाचा पहिला खडखडाट त्याच्याच अंगात गेला असेल.

तुम्ही म्हणाल, मास्तर, दोन तारांसाठी धर्मराज कशाला? माझेही तेच म्हणणे होते. सोळा वर्षे होते. मनाशी मी हिशेब मांडत असे. त्या तरुणाने स्वस्तात गाडी मागितली होती. महाग तारा घातल्या असत्या तर त्याला ती परवडली नसती. तो मिस्त्रीला दाखवू शकला असता. तारा तुटल्याच असतील असेही नाही. अशा चाकांवर किती तरी गाड्या वर्षानुवर्षे चालतात. हिशेब दर वेळी जुळायचा. आणि दर वेळी पुन्हा मांडावा लागायचा, यावरूनच मी ओळखायला हवे होते. चाचांनी दूधवाल्याचे सांगितले तेव्हा कुठे माझी चूक मला नेमकी दिसली. दूधवाल्याची काटकसर त्याच्या स्वतःच्या हाडांवर होती, आणि तो ती जाणून करत होता. राजदूतच्या वेळी वाचले ते पैसे माझे होते, आणि हाडे त्या दोघांची. मी त्याला तारांची जात सांगितली असती आणि तो म्हणाला असता की असू द्या, मी जपून चालवीन, तर तीच गाडी, त्याच तारा, तीच किंमत, आणि मी मोकळा. त्याला ठरवायचे होते ते त्याच्या नकळत मी ठरवून टाकले होते.

यंदा ऑक्टोबरात मी त्याच्या गावी जाऊन आलो. घर सापडले. त्याने गाडी दोन-तीन वर्षांतच विकली होती आणि तो पालघरकडे बदलून गेला होता. घरी म्हातारी होती. मी विचारले, गाडीवरून कधी कुणी पडले होते का? तिने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. म्हणाली, पडले होते की एकदा, पावसात, चिखलात, दोघेही, तिच्या हाताला लागले होते. चाकामुळे का, तारेमुळे का, हे तिला कुठून ठाऊक असणार? चिखलात कोणीही पडते. मी चहा घेतला आणि परत आलो. खरे कारण काय ते आता कधीच कळायचे नाही, आणि मला वाटते की ते न कळणे हे माझ्या वाट्याला ठीकच आले आहे.

जावाला शेवटी अडीच हजारांच्या तारा घातल्या. चाचांनी दोन दिवस घेऊन चाके बांधली. एकेक तार बोटाने छेडून, सूर एकसारखा लागेपर्यंत निपले फिरवीत बसले. तंबोरा लावताना पाहावा तसे मी पाहत होतो. खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ घातली आणि नातीला मागे बसवून कामवारीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. निघण्याआधी तिला तारा दाखवल्या, चुकीची कुठली आणि बरोबर कुठली ते सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले की हॉर्न कुठे आहे.

दसऱ्याच्या दिवशी गल्लीतला एक तरुण गाडीभोवती फिरून म्हणाला, “काका, सगळी ओरिजिनल आहे ना?” मी त्याला सांगत सुटलो: तारा नव्या आणि दुसऱ्याच कारखान्याच्या, रिंगा जुन्या, तुंबे जुने, टायर नवे, पिस्टन नवा, सीटवरचे कापड भिवंडीचे, आरसा भंगारातला. यादी संपायच्या आतच त्याचा उत्साह ओसरला. जाता जाता एवढेच म्हणाला की ’६७ च्या गाडीला इतक्या पांढऱ्या तारा शोभत नाहीत. त्यात तथ्य आहे. पूर्वीच्या तारा इतक्या झळकत नसत.

राहता राहिले ते सहाशे रुपयांचे जुडगे. दुकानदार परत घ्यायला तयार होता, पण मग ते पुन्हा काउंटरवर जाणार. चाचांना दिले तर ते दूधवाल्याला दाखवून बांधतील, तेही सांगून. त्यांना निम्मे दिले. उरलेल्या छत्तीस अजून घरात आहेत. काल नातीला आकाशकंदील टांगायला आकडा हवा होता. मी एक तार तिच्या हातात दिली. तिने एक टोक दाराच्या फटीत अडकवले आणि पकड न घेता, नुसत्या हातांनी तिचा छान गोल आकडा केला.